माळावरचा वीर आणि त्याच्या गाई

मंडळी, बरेच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. निमित्त नव्हतं असं नाही, पण हे निमित्त जरा घरचं आहे आणि जरा इतिहासाचं, त्यामुळे नात्यातल्यांनी आणि बाकीच्यांनी, दोघांनीही वाचावं.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो. त्याने मध्ये डार्टमूरवरचे फोटो पाठवले. ओसाड, वाऱ्याचा माळ, आणि त्यात रांगेने उभे केलेले दगड. मेरीवेल नावाची जागा. गाडी रस्त्याकडेला लावायची, दहा मिनिटं चालायचं आणि ब्राँझयुगातल्या माणसांनी रोवलेल्या दगडांना हात लावायचा. तिकीट नाही, कुंपण नाही. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "आपल्याकडे असलं काही का नाही रे?"

आहे की! आपल्याकडे म्हणजे महाराष्ट्रात, विदर्भात आहे. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची शेकडो वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्येच तिथे खणून पाहिलं होतं. पुढे माहुरझरीला तर माणसांबरोबर पुरलेले घोडे सापडले, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेले. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ही सगळी लोहयुगातली माणसं. पण हे झालं विदर्भाचं. सातारा-सांगलीकडे अशी वर्तुळं नाहीत. अलीकडे आमच्या भागात माळावर दगड मांडून केलेली चक्रव्यूहासारखी कोडी अभ्यासकांनी नोंदवली आहेत, आणि २०२५ च्या डिसेंबरात सोलापूरजवळ बोरामणीच्या माळरानावर पंधरा वेढ्यांचं एक मोठं कोडं उजेडात आलं. पण ते आडवे मांडलेले दगड. उभा दगड म्हटला की आमच्याकडे एकच गोष्ट डोळ्यापुढे येते. वीरगळ.

आणि तसा एक आमच्या शेतात उभा आहे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नातेवाईकांना माहीत आहे, बाकीच्यांना आटपाडीकडे एवढं पुरे. जुन्या दगडांना गिऱ्हाईक फार असतं हल्ली. तर वस्तीवरून निघालं की ओढा, ओढ्यापलीकडे चढ आणि मग पसरलेला माळ. पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर कुसळ आणि दगड. चालायला पंधरा मिनिटं, आत्या बरोबर असली तर पंचवीस. माळाच्या कडेला आमचा जिरायत तुकडा आहे, त्याच्या बांधावर एका लिंबाखाली दोन दगड. एक कमरेएवढा, चौकोनी, कोरलेला. दुसरा त्याहून लहान, त्यावर फक्त एक हात. कोपरात वाकवलेला, पंजा वर केलेला, मनगटात बांगड्या. मोठ्याला आम्ही 'वीरबाबा' म्हणतो, छोटीला 'सतीआई'. आजी असेपर्यंत दर अमावास्येला वीरबाबाला नारळ आणि सतीआईला हळदकुंकू जायचं. आजी गेल्यावर अमावास्येचं वर्षातून एकदावर आलं. चालायचंच.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या चुलतदादाने ठरवलंय की वीरबाबाला देऊळ बांधायचं. छोटंसं, सिमेंटचा चौथरा, वर स्लॅब, आतून टाइल्स. दादाची श्रद्धा खरी आहे, पैसेही तोच घालणार आहे, त्यामुळे कौतुकच. अडचण एवढीच आहे की दगड 'पक्का बसवायचा' म्हणून तो वीतभर सिमेंटात गाडायचा बेत आहे. आणि त्या वीतभरातच सगळी गोष्ट आहे.

कशी ते सांगतो. वीरगळ वाचतात खालून वर. हे एकदा कळलं की मग कुठल्याही देवळाबाहेर पडलेला वीरगळ आपल्याशी बोलायला लागतो. दगडावर साधारण तीन किंवा चार कप्पे असतात. सगळ्यात खाली वीर मरून आडवा पडलेला. त्याच्या वर लढाई: तो आणि त्याचे शत्रू, कधी घोड्यावर, कधी पायी, ढाल-तलवार किंवा धनुष्य. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेताहेत. सर्वांत वर तो कैलासात पोचलेला, शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पूजा करणारा पुजारी. माथ्यावर कलश आणि दोन्हीकडे चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. वीर जैन असेल तर लिंगाच्या जागी तीर्थंकर दिसतात.

आता गंमत अशी की वरचे कप्पे बहुतेक सगळीकडे सारखेच असतात. अप्सरा त्याच, लिंग तेच, पुजारी तोच. स्वर्ग सगळ्यांना एकाच मापाचा मिळतो म्हणा ना. माणसामाणसांत फरक असतो तो खालच्या कप्प्यांत. तो घोड्यावरून लढला की पायी, एकाशी लढला की चौघांशी, आणि मुळात कशासाठी मेला. आमच्या वीरबाबाचा सगळ्यात खालचा पट्टा लहानपणी दिसतच नव्हता, मातीत होता. चार-पाच वर्षांपूर्वी मोठ्या पावसात बांधाची माती वाहून गेली आणि दगड खालून उघडा पडला. तिथे आडवा पडलेला माणूस आहे आणि त्याच्या पायांकडे, एकामागे एक, तीन गाई.

गाई कोरलेल्या असल्या की समजायचं, हा गोधनासाठी मेला. म्हणजे शेजारच्या कुणी टोळीने गावची जनावरं हाकून नेली, हा आडवा गेला आणि पडला. राजाची लढाई नव्हे, साम्राज्य नव्हे. गावच्या गाई. आटपाडी, माण, खटाव हा भाग खिलार जनावरांचा. खिल्लार म्हणजे मुळात कळपच. खिलारीच्या प्रकारांतच 'आटपाडी महाल' आणि 'म्हसवड' अशी नावं आहेत, आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो हे कुणाला सांगायला नको. पाऊस बेभरवशाचा, शेती त्याहून. अशा मुलखात माणसाची सगळी पुंजी चार पायांवर चालत असते, आणि चार पायांवर चालणारी पुंजी चोरायला सोपी. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने याच माळांवर धनगरांबरोबर हिंडून आयुष्यभर काम केलं, बिरोबा-म्हसोबा-खंडोबा समजून घेतले. १९८२ मध्ये त्याने एस. सेट्टर यांच्याबरोबर स्मृतिशिळांवर एक जाडजूड ग्रंथच संपादित केला. देव आणि मेलेला वीर यांच्यामधली सीमा आमच्याकडे किती पातळ आहे हे बिरोबाच्या आरेवाडीला एकदा गेलं की कळतं, त्याला ग्रंथ लागत नाही. पण ग्रंथ असलेला बरा.

मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तरही याच तीन गाईंत आहे असं मला वाटतं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात पुलिमानकोंबई नावाच्या गावी २००६ मध्ये तीन उभे दगड सापडले. त्यांवर तमिळ-ब्राह्मीत लिहिलेलं आहे आणि अभ्यासक त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे नेतात. त्यातल्या एकावर सरळ म्हटलं आहे की गुरांच्या धाडीत पडलेल्या अमक्याचा हा दगड. चित्र नाही, नुसता दगड आणि नाव. म्हणजे लोहयुगात मेलेल्यासाठी नुसता दगड रोवत होते, मग त्यावर नाव आलं, मग शिल्प आलं, मग अप्सरा आल्या. डार्टमूरचे दगड आणि आमचा वीरबाबा थेट नात्यातले नाहीत, उगीच ताणायला नको. पण दक्षिणेतले ते प्रागैतिहासिक दगड आणि आमचा वीरबाबा हे मात्र एकाच घरातले, फक्त पिढ्या बऱ्याच मधल्या.

शब्दही तिकडूनच आला. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. वीर-कल्लु, वीरगल्लु, आपला वीरगळ. सांगलीच्या माणसाला यात नवल वाटू नये. जतकडे आजही घराघरात कानडी चालते, आणि जुन्या काळी तर हा सगळा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा, मग कऱ्हाड-कोल्हापूरच्या शिलाहारांचा. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवाने शिलाहार भोजाला हरवलं आणि इथले धनी बदलले. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ याच काळातले, म्हणजे ढोबळमानाने अकराव्या ते चौदाव्या शतकातले. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे पांडवांच्या वेळचं न्हाई?" नाही आत्या. पण ज्ञानेश्वरांच्या वेळचं नक्की असू शकेल. यावर तिचं समाधान झालं.

पण मग नाव का नाही? हा प्रश्न आत्याचाच. "येवडं कोरलं, गाई कोरल्या, मग नाव का न्हाई लिवलं?"

मी यावर बराच विचार केला. कर्नाटकातल्या वीरगळांवर शेकड्यांनी लेख आहेत. मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे, तिथला दहाव्या शतकातला दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याच्या काळातला, तक्कोलमच्या लढाईनंतरचा. त्या लढाईत पराक्रम गाजवलेल्या मणलेर नावाच्या सरदाराने आपल्या स्वामीकडून बक्षीस म्हणून काय मागून घेतलं? काळी नावाचा शिकारी कुत्रा. पुढे तो कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्या कुत्र्यासाठी दगड उभा केला आणि त्याच्या पूजेला जमीन लावून दिली, ते सगळं दगडावर कोरलेलं आहे. कुत्र्याचं नाव हजारेक वर्षं टिकलं. आणि आमच्या वीरबाबाचं नाव गेलं.

मला वाटतं, कळ आहे ती जमिनीत. कानडी मुलखात लढाईत पडलेल्याच्या घरच्यांना जमीन द्यायची रीत होती, तिला रक्तकोडगे किंवा नेत्तरुगोडगे म्हणत, रक्ताबद्दलचं इनाम. इनाम दिलं की कुणी, कुणाला, कुठली जमीन हे लिहावंच लागतं. दगड हाच सातबारा. जिथे इनाम नव्हतं तिथे लिहायचं कारण नव्हतं, गावात सगळ्यांना माहीतच होतं कोण मेला ते. बरोबर आहे की, आपण घरातल्या फोटोंवर कुठे नावं लिहितो? पुढे मराठेशाहीत मेलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, तेव्हा नाव दगडावरून कागदावर गेलं आणि दप्तरात जाऊन बसलं. हा माझा तर्क आहे, मला पटणारा. कुणाला दुसरं काही सुचत असेल तर जरूर सांगा.

कुत्र्यावरून आठवलं, साताऱ्याजवळ संगम माहुलीलाही शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी त्याची कथा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची फार शांत जागा. पण माझ्या मनात माहुली वेगळ्या कारणाने राहिली आहे. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, आणि त्यांच्या राणी सकवारबाई तिथे सती गेल्या. गेल्या म्हणायचं की घातल्या, हा प्रश्न तेव्हाच्या राजकारणाने विचारायला लावला आहे. वारसाचा घोळ चालू होता, ताराबाई एका बाजूला, पेशवे दुसऱ्या बाजूला, आणि सकवारबाई मध्ये अडचणीच्या होत्या. छत्रपतींची राणी असून ही गत. तेव्हा आमच्या माळावरच्या सतीआईला कुणी काय विचारलं असेल?

तिच्या दगडावर कप्पे नाहीत, गोष्ट नाही. तिला चेहराही नाही. नुसता हात आणि बांगड्या, म्हणजे सवाष्ण म्हणून गेली एवढंच. नवरा लढताना, पडताना, वर जाताना, तीनदा दिसतो. दादाच्या देवळाच्या आराखड्यात तर तिला जागाच नाही, ती बाहेर भिंतीला टेकवून ठेवायची आहे. आत्या यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही :) पण मुद्दा तिचा बिनतोड होता. ती म्हणाली, आजीने पन्नास वर्षं हळदकुंकू कुणाला वाहिलं, भिंतीला?

या सगळ्या वादात एक रविवार काढून दादाला मी किकलीला घेऊन गेलो. पुणे-सातारा रस्त्यावर भुईंजजवळून आत वळायचं. मागे चंदन-वंदन हे जोडकिल्ले, आणि गावात भैरवनाथाचं जुनं दगडी देऊळ. देवळाभोवती वीरगळच वीरगळ. मोजायला लागलं की आपण कुठून सुरुवात केली तेच विसरतो. किल्ल्यांची बांधणी शिलाहार भोजाच्या नावावर सांगतात. या खोऱ्यात किती लढाया झाल्या असतील त्याचा हिशोब ही रांग पाहिली की लागतो. अर्थात एवढी माणसं एकाच लढाईत पडली असं नव्हे, हे पिढ्यापिढ्यांचं साठलेलं आहे. घोडेस्वार आहेत, पायदळ आहे. काही दगड झिजून इतके गुळगुळीत झालेत की नुसता हात फिरवूनच कप्पे कळतात. गावकऱ्यांनी त्यांना ओळीने उभं केलंय, जमिनीवर मोकळं, चहूबाजूंनी बघता येईल असं. बाकी अनेक गावांत हेच दगड पायरीला, गटारावर, नाहीतर ऑइलपेंट फासून उभे असतात. एका गावी तर (नाव सांगत नाही) मी वीरगळावर धुणं धुताना पाहिलंय. वापर म्हणाल तर होतोय.

दादा तिथे बराच वेळ काही बोलला नाही. एका दगडापाशी उकिडवा बसला आणि खालच्या पट्ट्यातली माती बोटाने काढत राहिला. मग परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "आपल्या गाई चांगल्या कोरल्यात."

त्यानंतर फोनवर जे ठरलं ते असं. देऊळ होणार. पण दगड चौथऱ्यात गाडायचा नाही, चौथऱ्यावर ठेवायचा, मागून दगडी टेकू द्यायचा, सिमेंट त्याला लावायचंच नाही. खालचा पट्टा समोरून दिसला पाहिजे. सतीआई आत, त्याच्या शेजारी, त्याच पातळीवर. शेंदूर लावायचा असेल तर पायाशी, कोरीव कामावर नाही. या मुद्द्यावर काकांचा विरोध आहे, त्यांच्या मते शेंदराशिवाय देव म्हणजे नुसता दगड. दगड शहरातल्या संग्रहालयात द्यावा असंही पुण्यातल्या एका मित्राने सुचवलं. मला ते पटलं नाही. संग्रहालयात त्याला नंबर मिळेल आणि ऊन-पाऊस लागणार नाही हे खरं, पण ज्या गाईंसाठी तो मेला त्या याच ओढ्यावर पाणी प्यायच्या. तिथून त्याला उचलायचा हक्क निदान मला तरी नाही.

उचलाउचलीआधी दोन्ही दगडांचे चारही बाजूंनी फोटो आणि मापं घ्यायची आहेत. हे काम माझ्याकडे. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरपं ऊन असताना कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी फोटो काढला तर सगळं सपाट. ज्यांच्याकडे वस्तीवरचे जुने फोटो असतील, आजीचे, लिंबाखालचे, त्यांनी शोधून ठेवा. मागे दगड दिसत असेल तर तो किती खोल होता ते कळेल.

काम दिवाळीत सुरू होईल. सगळे येणारच आहात, तर एक संध्याकाळ माळावर चालत जाऊ. शेंदराबद्दल काकांशी कुणाला बोलायचं असेल तर त्याआधी बोलून घ्या. आणि टाइल्स कुठल्या रंगाच्या हे मला विचारू नका, ते खातं वहिनीकडे आहे.